गृहकर्ज करून देणारा माणूस कसा पारखावा: डीएसए, सल्लागार आणि त्यांच्याकडून घ्यायची लेखी उत्तरं

विम्याचा एजंट व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते. म्युच्युअल फंड विकणाऱ्याकडे अम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेचा एआरएन नोंदणी क्रमांक लागतो. घराचा व्यवहार जुळवून देणाऱ्या एजंटाला महाराष्ट्रात महारेराची नोंदणी लागते, शिवाय प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही. पण त्याच घरासाठी पन्नास लाखांचं कर्ज करून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाचा असा कुठलाच परवाना लागत नाही. गृहकर्जाच्या मध्यस्थांसाठी आपल्याकडे वेगळा परवानाच नाही. रिझर्व्ह बँक नियम घालते ते कर्ज देणाऱ्या संस्थेला. मध्यस्थ त्या संस्थेने नेमलेला असतो आणि त्याच्या वागण्याची जबाबदारीही संस्थेचीच असते.

म्हणून व्हिजिटिंग कार्डावरच्या ‘सर्टिफाइड लोन कन्सल्टंट’ किंवा ‘सर्व बँकांशी संलग्न’ या शब्दांवर काही ठरवू नका. माणूस कामाचा आहे का, हे तीन गोष्टींवरून कळतं. तो कोणाच्या कोडवर (बँकेने एजंटाला दिलेल्या क्रमांकावर) फाइल टाकतो, त्याचे पैसे कुठून येतात, आणि तोंडाने सांगितलेलं तो लिहून द्यायला तयार आहे का. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

आधी हे ठरवा: मध्यस्थ लागणार आहे का?

नोकरी पगारदार, पगार बँकेत जमा होतो, क्रेडिट स्कोअर चांगला आहे आणि फ्लॅट अशा प्रकल्पात आहे जो दोन-चार मोठ्या बँकांनी आधीच मंजूर केलेला आहे. असं असेल तर मध्यस्थाची गरज फारशी नाही. पगाराचं खातं आहे त्या बँकेच्या गृहकर्ज केंद्रात आणि आणखी एका बँकेत थेट जा. काम तेवढ्यात होतं.

मध्यस्थाची खरी किंमत कळते ती अवघड फाइलमध्ये. उत्पन्न धंद्याचं आहे आणि विवरणपत्रात नफा कमी दाखवलाय. पगारासोबत भाडं किंवा कमिशन येतं आणि ते कोण किती धरेल हे माहीत नाही. जुन्या सोसायटीतला फ्लॅट आहे आणि मधल्या एका खरेदीदाराचा मूळ करारनामा सापडत नाही. घर गावठाणात आहे आणि हातात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आहे. किंवा विकणाऱ्याच्याच डोक्यावर अजून कर्ज आहे. अशा वेळी कोणती संस्था काय स्वीकारते हे ज्याला पाठ आहे, तो माणूस तुमचे दोन महिने आणि दोन नकार वाचवतो. दर पाव टक्क्याने कमी करून देणं हे त्याचं मुख्य काम नाहीच. योग्य संस्थेसमोर, योग्य कागदांसह, एकदाच फाइल ठेवणं हे त्याचं काम.

समोरचा माणूस नेमका कोण आहे?

डीएसए म्हणजे डायरेक्ट सेलिंग एजंट. बँकेशी किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीशी त्याचा करार असतो, त्याला एक कोड मिळतो आणि त्या कोडवर त्याने आणलेल्या फाइली मोजल्या जातात. कर्ज मंजूर करण्याचा अधिकार त्याला नसतो. मंजुरीचा निर्णय बाहेरच्या माणसाकडे सोपवायला रिझर्व्ह बँकेची बँकांना मनाई आहे. त्यामुळे ‘सॅन्क्शन माझ्या हातात आहे’ असं कोणी म्हणालं, तर तो एक तर खोटं बोलतोय किंवा आत काहीतरी गैर चाललंय. दोन्ही अर्थी तिथून उठायचं.

डीएसएच्या खाली कनेक्टर असतात. त्यांचा बँकेशी करार नसतो. ते फाइल आणतात, मोठ्या डीएसएच्या कोडवर टाकतात आणि पेआउटमधला, म्हणजे बँकेने दिलेल्या कमिशनमधला, वाटा घेतात. कनेक्टर वाईटच असतो असं नाही, पण तक्रार करायची वेळ आली तर बँकेच्या वहीत त्याचं नावच नसतं. म्हणून फाइल ज्या डीएसएच्या नावावर जाणार, ते नाव आधी मागून घ्या.

तिसरा प्रकार बँकेच्या सेल्स माणसाचा. गळ्यात बँकेचं ओळखपत्र असतं, पण तो बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीच्या पगारावर असतो. त्याच्याकडे एकाच बँकेचं कर्ज आहे, त्यामुळे ‘तुमच्यासाठी हीच बँक बरी’ हे त्याच्या तोंडचं वाक्य सल्ला म्हणून धरू नका.

बिल्डरच्या साइट ऑफिसातलं ‘होम लोन डेस्क’ हा चौथा प्रकार. प्रकल्पाचे कागद त्यांच्याकडे तयार असल्याने लीगल-टेक्निकल, म्हणजे मालमत्तेच्या कागदांची आणि किमतीची तपासणी, लवकर होतं, हा खरा फायदा आहे. पण त्यांचं हित बिल्डरला पैसे लवकर मिळण्यात असतं. तुमची फाइल त्यांनी सुचवलेल्या बँकेतच टाकायला हवी असं कुठलंही बंधन नाही, बुकिंगच्या वेळी तसं कितीही ठासून सांगितलं तरी.

मोबाइल अॅप किंवा संकेतस्थळावरून बऱ्याच बँकांचे प्रस्ताव एकदम दाखवणाऱ्यांना डिजिटल कर्जाचे नियम लागू होतात. त्यांची फी कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यायची असते, तुमच्याकडून घ्यायची नसते. दाखवलेल्या प्रस्तावात संस्थेचं नाव, रक्कम, मुदत आणि एपीआर (इतर खर्च धरून निघणारा वार्षिक दर) असायला हवा. नुसतं ‘८ टक्क्यांपासून पुढे’ म्हणणं म्हणजे प्रस्ताव नव्हे.

शेवटी चार्टर्ड अकाउंटंट किंवा फी घेऊन सल्ला देणारा. धंदेवाईकाच्या फाइलसाठी हा चांगला पर्याय, कारण तुमचा ताळेबंद त्याला वाचता येतो. सीएची सभासद नोंदणी इन्स्टिट्यूटकडे तपासता येते आणि त्याने दिलेल्या प्रमाणपत्रावर यूडीआयएन क्रमांक (प्रत्येक प्रमाणपत्राचा वेगळा ओळख क्रमांक) असायला हवा. फक्त एक विचारा: तुमच्याकडून फी घेतल्यावर बँकेकडूनही पेआउट घेणार आहे का? दोन्हीकडून घेत असेल तर त्याने ते आधी सांगायला हवं.

पेआउटचं गणित समजून घ्या

डीएसएला पैसे मिळतात ते कर्ज वितरित झाल्यावर, वितरित रकमेच्या टक्केवारीने. टक्केवारी संस्थेगणिक बदलते. समजा एक संस्था ०.३ टक्के देते आणि दुसरी ०.७ टक्के. ५० लाखांच्या कर्जावर पहिल्या ठिकाणी त्याला १५ हजार मिळतील, दुसऱ्या ठिकाणी ३५ हजार. आता तुमच्या बाजूने बघा. ५० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के दराने हप्ता येतो ४३,३९१ रुपये. तोच ८.७५ टक्क्यांना ४४,१८६ होतो. महिन्याला ७९५ रुपयांचा फरक, २० वर्षांत १ लाख ९० हजारांच्या वर. त्याचे २० हजार वाढावेत म्हणून तुमचे १ लाख ९० हजार जाणार असतील, तर ‘तुम्हाला कोणत्या संस्थेकडून किती पेआउट मिळतो?’ हे विचारायला अजिबात संकोच करू नका. चांगला माणूस आकडा सांगतो, निदान कुठे जास्त आणि कुठे कमी हे तरी सांगतो. चिडला, तर उत्तर मिळालं.

याच गणितातून आणखी दोन सवयी येतात. कर्ज जितकं मोठं तितका पेआउट मोठा, म्हणून ‘पात्रता ६० लाखांची आहे तर ६०च घ्या, इंटिरियरला होतील’ असा आग्रह होतो. आणि वितरण झालं की माणूस फोन उचलत नाही, कारण त्याचं काम तिथे संपलेलं असतं. वर्षा-दीड वर्षाने त्याचाच फोन येतो तो बॅलन्स ट्रान्सफरसाठी, म्हणजे कर्ज दुसऱ्या संस्थेकडे नेण्यासाठी, कारण नव्या संस्थेत नवा पेआउट. त्या फोनवर ताबडतोब होकार देऊ नका. आधी सध्याच्या संस्थेला दर कमी करायला सांगा.

भेटायला जाण्याआधी

स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट स्वतः काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. स्वतः काढलेल्या रिपोर्टने स्कोअर कमी होत नाही. जुनं क्रेडिट कार्ड ‘सेटल्ड’ (थकबाकी कमी पैशांत मिटवलेलं) दिसतंय का, फेडलेलं कर्ज अजून चालू दाखवतंय का, दुसऱ्याच कोणाचं कर्ज तुमच्या नावावर आहे का, हे आधी बघा. दुरुस्तीला आठवडे जातात आणि फाइल लॉगिन झाल्यावर, म्हणजे अर्ज संस्थेत दाखल झाल्यावर, तेवढा वेळ कोणी देत नाही.

हातात किती रक्कम लागेल हेही काढून ठेवा. नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के आणि ७५ लाखांच्या वर ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. घराची किंमत १० लाखांच्या वर असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरता येत नाही. म्हणजे ६० लाखांच्या घराला जास्तीत जास्त ४८ लाख, उरलेले १२ लाख तुमचे, वर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि बँकेचे खर्च.

यातूनच समोरच्याची परीक्षा घेणारा एक साधा प्रश्न निघतो. त्याला विचारा, ‘३५ लाखांच्या घराला किती कर्ज बसेल?’ कच्चा माणूस म्हणेल, ९० टक्के म्हणजे साडेएकतीस लाख. पण कर्ज ३० लाखांच्या वर गेलं की टप्पा बदलतो आणि मर्यादा ८० टक्के, म्हणजे २८ लाख होते. त्यामुळे खरं उत्तर ३० लाख. ज्याला हे न अडखळता सांगता येतं, त्याने या कामात वर्षं घालवली आहेत असं समजायला हरकत नाही.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

पुढचे प्रश्न समोरासमोर विचारा आणि भेटीनंतर त्याच मुद्द्यांवर ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर उत्तरं मागवा.

१. तुम्ही कोणत्या संस्थांचे नेमलेले डीएसए आहात? फर्मचं नाव आणि कोड सांगा. उत्तर मिळाल्यावर बँकेच्या संकेतस्थळावरचा क्रमांक शोधून गृहकर्ज केंद्रात फोन करा आणि हे नाव त्यांच्या यादीत आहे का विचारा. त्याने दिलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करणं म्हणजे खात्री नव्हे. काही बँका नेमलेल्या एजंटांची यादी संकेतस्थळावरही ठेवतात.

२. माझ्यासारख्या फाइलमध्ये अडचण कुठे येईल? ‘काही अडचण नाही, होऊन जाईल’ हे सगळ्यात वाईट उत्तर. चांगला माणूस आधी कागद मागेल, वाचेल आणि मग सांगेल की दोन वर्षांच्या विवरणपत्रांत उत्पन्न एकदम वाढलंय, बँकेत कर्जाची फाइल तपासणारा क्रेडिट मॅनेजर त्याचं कारण विचारेल. किंवा सोसायटीची भोगवटा प्रमाणपत्राची प्रत नाही, त्यामुळे अमुक दोन बँका फाइल घेणार नाहीत.

३. तुम्ही सांगताय तो दर कशाशी जोडलेला आहे? १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) बाहेरच्या दराशी जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलून लावावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्या मात्र स्वतःच्या प्राइम लेंडिंग रेटवर, म्हणजे स्वतः ठरवलेल्या मूळ दरावर, चालतात. रेपो खाली आला तर बँकेच्या कर्जदाराला फायदा आपोआप मिळतो. कंपनीच्या जुन्या कर्जदाराला बऱ्याचदा कन्व्हर्जन फी (दर बदलून घ्यायची फी) भरून तो मागून घ्यावा लागतो. आज दोघांचा दर सारखा दिसत असला तरी हा फरक पुढची २० वर्षं पुरतो. मध्यस्थाने न विचारता हे सांगितलं, तर त्याला एक गुण जास्त द्या.

४. तुमची फी किती, कोणाला द्यायची, आणि कर्ज झालं नाही तर तिचं काय? डीएसएला बँक पैसे देते, त्यामुळे तुमच्याकडून वेगळी फी मागायचं कारण नसतं. फी घेणारा स्वतंत्र सल्लागार असेल तर रक्कम, काम आणि परताव्याची अट लिहून घ्या. प्रोसेसिंग फी फक्त संस्थेच्या नावाच्या खात्यात किंवा संस्थेच्या नावाच्या धनादेशाने भरायची. ‘फाइल पुढे सरकवायला’ किंवा ‘व्हॅल्युअरला द्यायला’ रोख मागितली तर व्यवहार तिथेच थांबवा.

५. वितरणानंतर कोणतं काम तुम्ही करणार? उत्तर लिहून घ्या, पुढे लागेल.

फाइल लॉगिन करताना काय बिघडतं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही चांगल्या हेतूने. ‘पाच ठिकाणी टाकून ठेवू, जिथे चांगलं मिळेल तिथे घेऊ’ हे ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक लॉगिनला ती संस्था तुमचा क्रेडिट रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद रिपोर्टमध्ये राहते. थोड्या दिवसांत चार-पाच चौकश्या दिसल्या की स्कोअरला फटका बसतो, आणि पाचव्या बँकेचा क्रेडिट मॅनेजर विचारतो की आधीच्या चौघांनी का नाकारलं? म्हणून मध्यस्थाला लेखी सांगा: माझ्या लेखी होकाराशिवाय कुठेही लॉगिन नको, आणि एका वेळी एक, फार तर दोन संस्था.

कागद देताना प्रत्येक प्रतीवर आडवी रेघ मारून संस्थेचं नाव, ‘फक्त गृहकर्जासाठी’ आणि तारीख लिहा, सही करा. आधार द्यायचं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. संस्थेला पूर्ण पडताळणी हवी असेल तर ती त्यांच्या यंत्रणेवर होईल. ओटीपी मध्यस्थाला सांगायचा नाही, नेट बँकिंगचा पासवर्ड तर नाहीच. अर्जाचे रिकामे कॉलम आणि कोऱ्या धनादेशावर सही हे दोन्ही टाळा. धनादेश द्यावा लागला तर संस्थेचं नाव लिहून, क्रॉस करून द्या आणि क्रमांक टिपून ठेवा. भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत लॉगिनच्याच दिवशी मागून घ्या आणि त्यात लिहिलेलं उत्पन्न, नोकरीची वर्षं, सध्याचे हप्ते नीट वाचा.

वाचायचं कारण असं की उत्पन्न थोडं ‘ॲडजस्ट’ करणारे लोक या धंद्यात आहेत. सॅलरी स्लिपवरचा आकडा बदलणं, बँक स्टेटमेंटची पीडीएफ दुरुस्त करणं, चालू असलेलं वैयक्तिक कर्ज अर्जात न दाखवणं. बँक पगार फॉर्म २६एएस, एआयएस (दोन्ही आयकर खात्याकडच्या नोंदी) आणि पीएफच्या नोंदींशी ताडून बघते. पकडलं गेलं तर सही तुमची असते. फाइल नाकारली जाते, तुमच्या नावावर फसवणुकीचा शिक्का बसू शकतो आणि फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. मध्यस्थ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ग्राहकाकडे गेलेला असतो.

पुनर्विक्रीच्या फ्लॅटमध्ये मध्यस्थाचं कसब लगेच दिसतं. विकणाऱ्यावर कर्ज असेल तर त्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी, म्हणजे लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स, आधी मागवावी लागते. मग तुमच्या बँकेचा पहिला धनादेश विकणाऱ्याच्या बँकेच्या नावे निघतो आणि मूळ कागद थेट बँकेकडून बँकेकडे जातात. कोणता कागद कधी हलेल हे तारखेसह सांगता आलं, तर माणूस जाणता आहे. ‘ते बघून घेऊ’ म्हणाला, तर विकणाऱ्याला बयाणा देऊ नका. एरवीही बयाणा देताना ‘बँकेने कायदेशीर किंवा मूल्यांकनाच्या कारणाने कर्ज नाकारल्यास रक्कम परत’ हे वाक्य लिहून घ्यायला मध्यस्थाने स्वतः सुचवायला हवं. बँकेच्या व्हॅल्युअरने किंमत करारापेक्षा कमी धरली की कर्ज त्या कमी आकड्यावर बसतं आणि उरलेली तफावत तुमच्या खिशातून जाते.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत आणखी एक खबरदारी. वितरण बांधकामाच्या टप्प्यांशी जोडलेलं असावं, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्येच सांगितलं आहे. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडलेला नसताना ‘८० टक्के एकदम काढू, बिल्डर सूट देतोय’ असा प्रस्ताव मध्यस्थाने आणला, तर तो कोणासाठी काम करतोय हे तुम्हाला समजलं आहे.

मंजुरीपत्र आणि केएफएस

तत्त्वतः मंजुरी आणि अंतिम मंजुरी यांत फरक असतो. पहिली तुमच्या उत्पन्नावर मिळते, दुसरी मालमत्तेचं लीगल आणि टेक्निकल झाल्यावर. मंजुरीपत्र मध्यस्थाच्या व्हॉट्सअॅपवरून नव्हे, संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून आलेलं असावं.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट, थोडक्यात केएफएस, देणं बंधनकारक आहे. ते तुम्हाला समजेल अशा भाषेत मागता येतं, मराठीतही. गृहकर्जासाठी ते मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. ‘ऑफर आज रात्री संपते’ म्हणून घाई करणारा मध्यस्थ हा नियमच पुसून टाकतोय. केएफएसमध्ये एपीआर असतो, म्हणजे व्याजाबरोबर प्रोसेसिंग फी, लीगल आणि विम्यासारखे इतर खर्च धरून निघणारा वार्षिक दर. दोन प्रस्तावांची तुलना करायची तर एपीआर एपीआरशी ताडा. त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही.

केएफएस हातात आल्यावर मध्यस्थाचा जुना व्हॉट्सअॅप संदेश शेजारी ठेवा आणि दर, मुदत, फी, विमा या ओळी एकेक करून जुळवा. न जुळणाऱ्या ओळीचं उत्तर त्याच्याकडून लेखी मागा.

विम्याची ओळ बारकाईने बघा. कर्जाला जोडलेला एकरकमी हप्त्याचा विमा बऱ्याचदा न विचारता कर्जाच्या रकमेत घातलेला असतो. १ लाख २० हजारांचा विमा ८.५ टक्के दराने २० वर्षांच्या कर्जात मिसळला की त्याचा महिन्याला सुमारे १,०४१ रुपये हप्ता पडतो आणि एकूण भरणा होतो अडीच लाखांच्या आसपास. कर्जाएवढं जीवनविमा संरक्षण असावं, हे खरंच. घरच्यांवर ओझं पडू नये यासाठी त्यासारखा उपाय नाही. पण तो विशिष्ट कंपनीचाच घ्यायची सक्ती करता येत नाही. वेगळा टर्म प्लॅन बहुतेकदा स्वस्त पडतो आणि कर्ज दुसरीकडे नेलं तरी चालू राहतो. ‘विमा घेतला नाही तर फाइल पास होणार नाही’ असं म्हणणाऱ्याला ते वाक्य ईमेलवर पाठवायला सांगा. ईमेल येत नाही. घेतलेली पॉलिसी नको असेल तर ती हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

मुदतपूर्व फेडीबद्दलही खोटी माहिती फिरते. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेड केली म्हणून दंड लावता येत नाही. ठरावीक दराच्या कर्जाला तो लागू शकतो, म्हणून केएफएसमध्ये दराचा प्रकार कोणता लिहिलाय ते पाहा.

वितरणानंतरची कामं

पाचव्या प्रश्नाचं लेखी उत्तर आता बाहेर काढा. महाराष्ट्रात मूळ कागद बँकेकडे गहाण ठेवल्यावर ३० दिवसांच्या आत नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची निबंधक कार्यालयाला द्यायची सूचना) दाखल करावी लागते. मध्यस्थ याला ‘एनओआय’ म्हणतो आणि अनेकदा हे काम तोच करवून घेतो. सरकारी पावतीवरची रक्कम आणि त्याने घेतलेली रक्कम यांतला फरक विचारा. सरसाई या गहाणांच्या केंद्रीय नोंदवहीतल्या नोंदणीची फी ५ लाखांच्या वरच्या कर्जाला १०० रुपये अधिक जीएसटी इतकीच आहे. तिच्या नावाखाली हजारो रुपये लावलेले दिसले तर हिशेब मागा.

बँकेने ताब्यात घेतलेल्या मूळ कागदांची शिक्का-सही असलेली यादी मागून घ्या आणि घरातल्या दोन माणसांना माहीत असेल अशा जागी ठेवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत करायचे असतात. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. पण कोणते कागद दिले होते हेच सिद्ध करता आलं नाही तर भांडण तुमच्या बाजूने उभं राहत नाही.

पहिला हप्ता गेल्यावर संस्थेच्या अॅपवरून कर्जाचं विवरण स्वतः काढा आणि वितरित रक्कम, दर, मुदत आणि विम्याची नोंद केएफएसशी जुळवा. जुळत नसेल तर तक्रार मध्यस्थाकडे नको, थेट संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करा आणि त्यात मध्यस्थाचं नाव, कोड आणि त्याचे संदेश जोडा. मध्यस्थाने केलेली चूकही संस्थेचीच ठरते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. हाउसिंग फायनान्स कंपनीविरुद्धची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या ग्रिड्स पोर्टलवर जाते.